बिटकॉइनचा माग लागत नाही? सिल्क रोडची गोष्ट

मुलांशी सायबर सुरक्षेवर बोलायला लागलं की आठवी-नववीच्या पुढे एक प्रश्न हमखास येतो. "बाई, बिटकॉइनने पैसे दिले तर पोलिसांना कळतच नाही ना?" घरीही हा प्रश्न कधीतरी येणारच. "असलं काही बघू नकोस" एवढंच उत्तर दिलं तर मुलं बघायची थांबत नाहीत, आपल्याला विचारायची मात्र थांबतात. म्हणून खरी माहिती आपल्याजवळ हवी.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करूया. एक टॉर आणि दुसरी बिटकॉइन. टॉर म्हणजे पाकिटात पाकीट, त्यात आणखी एक पाकीट घालून पत्र पाठवणं. वाटेतला प्रत्येक संगणक फक्त आपल्यापुरतं पाकीट उघडतो, त्यामुळे पत्र मूळ कुठून निघालं आणि शेवटी कुठे पोचलं हे एकालाच सगळं कळत नाही. ही कल्पना अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. पत्रकारही टॉर वापरतात, त्यामुळे टॉर म्हणजे गुन्हा असं मुलांना सांगू नये.

बिटकॉइनचं उलटं आहे. त्याची खातेवही जगभर सगळ्यांना खुली असते. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती गेले, ते कायमचं नोंदलेलं असतं. तिथे नाव नसतं, आकडे-अक्षरांचं टोपणनाव असतं, इतकंच. वर्गात हे दाखवणं सोपं आहे. प्रत्येकाला एक गुप्त टोपणनाव द्या, चिठ्ठ्यांनी खोटे पैसे फिरवा आणि प्रत्येक व्यवहार फळ्यावर लिहा. एका मुलाचं टोपणनाव फुटलं की त्याने कोणाकोणाला काय दिलं ते सगळं मागे जाऊन वाचता येतं. गंमत म्हणजे फळा पुसता येतो, ही वही पुसता येत नाही.

आता गोष्ट. २०११ साली अमेरिकेत सिल्क रोड नावाचा बाजार सुरू झाला. टॉरवर दडलेला, व्यवहार फक्त बिटकॉइनमध्ये, माल मुख्यतः अमली पदार्थ. चालवणारा स्वतःला 'ड्रेड पायरेट रॉबर्ट्स' म्हणवायचा. तो कोण, हे शोधायला मोठमोठ्या यंत्रणा लागल्या होत्या. धागा मिळाला तो कर खात्यातल्या गॅरी अल्फोर्ड नावाच्या अधिकाऱ्याला, आणि तोही साध्या गुगलवर! त्याने जुन्या तारखा लावून 'सिल्क रोड'चा सगळ्यात पहिला उल्लेख शोधला. जानेवारी २०११ मध्ये 'अल्टॉइड' नावाने कोणीतरी या बाजाराची जाहिरात केल्यासारखं लिहिलं होतं. त्याच अल्टॉइडने पुढे माणसं हवीत म्हणून ईमेल दिला होता, आणि त्या ईमेलमध्ये सरळ नाव होतं: रॉस उलब्रिक्ट.

१ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात तो लॅपटॉप उघडून बसला होता. मागे दोन साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी भांडणाचं नाटक केलं, त्याने वळून पाहिलं आणि तेवढ्यात लॅपटॉप उचलला गेला. बंद झाला असता तर सांकेतिक कुलूप पडलं असतं. मग खातेवही कामाला आली. बाजाराच्या सर्व्हरवरून या लॅपटॉपमधल्या पाकिटांत सुमारे ७ लाख बिटकॉइन आल्याचं न्यायालयात दाखवलं गेलं.

मला यातला पुढचा भाग जास्त शिकवण्यासारखा वाटतो. या तपासातल्याच दोन अधिकाऱ्यांनी, कार्ल फोर्स आणि शॉन ब्रिजेस यांनी, बिटकॉइन लाटले. कोणाला कळणार नाही हा भ्रम त्यांनाही होता. त्याच वहीतून तेही सापडले आणि २०१५ मध्ये दोघांना शिक्षा झाली. जेम्स झाँग नावाच्या माणसाने २०१२ मध्ये सिल्क रोडवरूनच ५० हजारांहून जास्त बिटकॉइन चोरले होते. ते नऊ वर्षांनी, २०२१ मध्ये त्याच्या घरात मिळाले. काही जमिनीखालच्या तिजोरीत, तर काही न्हाणीघरातल्या कपाटातल्या पॉपकॉर्नच्या डब्यात दडवलेल्या छोट्या संगणकावर.

म्हणजे सगळेच पकडले जातात असं मात्र नाही. मोनेरोसारखी चलनं व्यवहार झाकतात, त्यांचा माग काढणं अवघड आहे. पण शेवटी पैसे रुपयांत किंवा डॉलरमध्ये आणायचे तर एक्स्चेंज लागतं, आणि तिथे नाव द्यावं लागतं. भारतातही मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे व्यवहार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले आहेत, त्यामुळे ग्राहकाची ओळख तपासून ठेवणं एक्स्चेंजना बंधनकारक आहे.

हुशार मूल एक प्रश्न नक्की विचारेल, "पण बाई, उलब्रिक्ट तर सुटला ना?" हो, सुटला. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली होती, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. तोवर अकरा वर्षांहून जास्त काळ तो कोठडीत आणि तुरुंगात होता. त्याला बाहेर काढलं ते राजकीय निर्णयाने, टॉरने किंवा बिटकॉइनने नाही.