विश्लेषण : भीक मागणे हा गुन्हा का ठरतो? भिक्षा प्रतिबंधक कायद्यावर आक्षेप काय?

किरकोळ चुकांसाठी उद्योजक-व्यापाऱ्यांवर तुरुंगवासाची टांगती तलवार नको, या भूमिकेतून केंद्राने २०२३ मध्ये ‘जनविश्वास’ कायदा केला. त्याद्वारे ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी सौम्य झाल्या. रस्त्यावर हात पसरणाऱ्याला मात्र महाराष्ट्रात विनावॉरंट पकडण्याची मुभा देणारा कायदा कायम आहे. फौजदारी कायद्यांची सुधारणा नेमकी कोणापासून सुरू व्हावी, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

कायदा काय सांगतो?

तत्कालीन मुंबई राज्याच्या १९५९च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात ‘भीक मागणे’ याची व्याख्या व्यापक आहे. गाणे, नाच, खेळ करून, भविष्य सांगून किंवा किरकोळ वस्तू विकण्याच्या निमित्ताने सार्वजनिक ठिकाणी पैसे मागणे त्यात मोडते. जखम वा व्यंग दाखवून मागणेही मोडते. इतकेच नव्हे, उपजीविकेचे साधन दिसत नसताना भीक मागूनच जगत असावा, अशा अवस्थेत फिरणारा माणूसही या व्याख्येत सापडतो. म्हणजे कृती न करताही केवळ अवस्थेवरून कारवाई होऊ शकते. वासुदेव, पोतराज, डोंबारी यांच्या परंपरागत उपजीविकाही या शब्दांच्या कक्षेत येऊ शकतात.

शिक्षा किती?

पोलिसांनी पकडल्यावर न्यायालय संक्षिप्त चौकशी करते. भिक्षेकरी ठरल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. पहिल्या वेळी समज देऊन, हमीपत्रावर सोडण्याची सोय आहे. वारंवार सापडल्यास मात्र ही मुदत १० वर्षांपर्यंत जाऊ शकते. या गृहांत काम करणाऱ्यांना दिवसाला ४० रुपये मेहनताना देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. तिथे राहायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क मात्र त्यांना नाही.

न्यायालयांनी काय म्हटले?

मुंबईचा हाच कायदा दिल्लीतही लागू होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. माणूस हौसेने नव्हे, नाइलाजाने भीक मागतो. किमान गरजा पुरवण्यात सरकार कमी पडले असताना त्यालाच शिक्षा कशी देणार, असा या निकालाचा गाभा होता. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानेही तेथील कायदा रद्द केला. २०२१ मध्ये करोनाकाळात भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवण्याचा आदेश देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. दिल्लीचा निकाल महाराष्ट्राला आपोआप लागू होत नाही.

मग टोळ्यांना मोकळे रान मिळेल?

कायद्याच्या समर्थकांचा हा मुख्य मुद्दा आहे आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. सिग्नलवर लहान मुलांना पुढे करणारे लोक असतातच. मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. भीक मागायला लावण्यासाठी मुलाचे अपहरण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९नुसार किमान १० वर्षांची, तर त्यासाठी मुलाला अपंग केल्यास किमान २० वर्षांची शिक्षा आहे. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला १९५९च्या कायद्यातही शिक्षा आहे आणि दिल्लीच्या निकालाने ती तरतूद तशीच ठेवली. म्हणजे भीक मागवणारा आणि मागणारा यांच्यात फरक करणे शक्य आहे.

सुधारणा कोण करणार?

भटकेगिरी हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे केंद्र आणि राज्य दोघेही पाऊल उचलू शकतात. केंद्राने २०१६ मध्ये निराधारांच्या पुनर्वसनासाठी आदर्श विधेयकाचा मसुदा केला, पण तो मार्गी लागला नाही. २०२२ मध्ये ‘स्माइल’ ही पुनर्वसन योजना सुरू झाली. पण जी यंत्रणा मदतीला येते तिच्याच मागे पोलिसांची गाडी असेल, तर निराधार माणूस मदतीपासूनही पळतो. म्हणून व्याख्येतून ‘अवस्था’ वगळणे आणि निवारा ऐच्छिक करणे, या दोन दुरुस्त्यांपासून महाराष्ट्राला सुरुवात करता येईल. व्यापाऱ्यावर दाखवलेला विश्वास निराधारावरही दाखवायचा का, हे आता सरकारने ठरवायचे आहे.