आर्थिक फसवणुकीचे पूर्वरूप

व्याधी पूर्णपणे प्रकट होण्याआधी त्याचे पूर्वरूप ओळखता आले तर चिकित्सा सुकर होते, हे वैद्यवर्गास निराळे सांगावयास नको. आर्थिक फसवणुकीच्या बाबतीत मात्र आपल्यातील जाणती मंडळीही व्याधी असाध्य झाल्यावरच जागी होतात. वैद्य व औषधी व्यावसायिक यांच्याकडे ठकांची दृष्टी वळते ती केवळ त्यांच्या गल्ल्यामुळे नव्हे. गावात वैद्याच्या शब्दाला मोल असते. वैद्यांनी अमुक योजनेत पैसे ठेवले, एवढे कळले की दवाखान्याच्या बाकावर बसणारे दहाजण चौकशी न करता त्याच वाटेने जातात. म्हणून प्रलोभन पुष्कळदा आधी आपल्या दारी येते.

मुंबईतील ‘टोरेस’ प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मालवण, कणकवली, कुडाळच्या चाकरमान्यांना दादर म्हणजे दुसरे गावच. त्यामुळे हे प्रकरण आपल्याला दूरचे वाटू नये. २०२४ च्या आरंभी तेथे या नावाचे दागिन्यांचे झगमगीत दालन उघडले. तुर्भे, कल्याण, मीरा रोड येथेही शाखा निघाल्या. मॉयसनाइटचे खडे घ्यावेत आणि गुंतविलेल्या रकमेवर आठवड्याला सहा टक्के, क्वचित त्याहूनही अधिक परतावा घ्यावा, असे आमिष होते. डिसेंबर अखेरीस परतावा थांबला. ६ जानेवारी २०२५ रोजी दादरच्या दालनासमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली, शिवाजी पार्क पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे सोपविण्यात आला. रस्त्यावर भाजी विकणाऱ्यांनीही यात पैसे घातले होते.

मॉयसनाइट म्हणजे रासायनिकदृष्ट्या सिलिकॉन कार्बाइड. हिऱ्याचे काठिण्य दहा, तर याचे सुमारे सव्वानऊ. उष्णता ते जवळपास हिऱ्याइतकीच वाहून नेते, म्हणून केवळ उष्णतेवर चालणारे परीक्षकयंत्र त्याला हिरा ठरवते. भिंगाखाली तिरके धरून पाहिले तर मात्र मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. वज्रपरीक्षा शिकलेल्या वैद्याला हा विषय रंजक वाटेल. परंतु या व्यवहारात खडा खरा की खोटा हा प्रश्न गौण होता. खडा हे नुसते अनुपान. पोटात गेले ते साप्ताहिक व्याज.

त्या व्याजाची संप्राप्ती पाहू. एका लाखावर आठवड्याला सहा हजार, म्हणजे सतराव्या आठवड्यात मुद्दल वसूल. ज्यांचे वसूल झाले ते कोणतेही वेतन न घेता योजनेचे प्रचारक बनतात, आणि ते खोटे बोलत नसतात! हे पैसे व्यापाराच्या नफ्यातून येत नसतील, तर ते नव्या गुंतवणूकदाराकडूनच यावे लागतात. सतरा जुन्यांचा एका आठवड्याचा परतावा भागविण्यास एक नवा लागतो. हा नवा पुढील आठवड्यात जुना होतो आणि त्यालाही परतावा द्यावा लागतो. चालकांनी स्वतः एक पैसाही उचलला नाही असे धरले, तरी दर बारा आठवड्यांनी गुंतवणूकदारांची संख्या दुप्पट व्हावी लागते. अशी वाढ फार काळ टिकणे शक्य नसते. कोसळण्याचा दिवस तेवढा अज्ञात असतो.

दर कमी असला म्हणजे योजना निर्धोक, असेही समजू नये. पीएसीएल या कंपनीने शेतजमिनीच्या नावावर साधारण वाटणाऱ्या परताव्याने, गावोगावच्या ओळखीच्या एजंटांमार्फत वर्षानुवर्षे पैसे गोळा केले. २२ ऑगस्ट २०१४ रोजी सेबीने ते परत करण्याचा आदेश दिला, तेव्हा रक्कम सुमारे ४९,१०० कोटी रुपये होती. कंपनीची नोंदणी, जीएसटी क्रमांक किंवा दुकानाचा परवाना यांपैकी एकही कागद ठेवी स्वीकारण्याची परवानगी देत नाही. ती परवानगी कोणी दिली, हे विचारावे आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर पडताळून पाहावे. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना प्रतिबंधक कायद्यानुसार जाणूनबुजून खोटे आश्वासन देऊन दुसऱ्यास अशा योजनेत ओढणे हाही गुन्हा आहे. औषधाच्या कपाटावर एखाद्या योजनेची पत्रके ठेवू देणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

फार्मसीधारकांना भेडसावणारा प्रकार निराळा आहे. लष्करी अधिकारी असल्याची बतावणी करून दूरध्वनी येतो. जवानांसाठी च्यवनप्राश किंवा तेलाची मोठी मागणी नोंदवली जाते, ओळखपत्राचे छायाचित्र येते, घासाघीस अजिबात होत नाही. (आमच्या धंद्यात घासाघीस न करणारा ग्राहक हेच मुळी संशयाचे लक्षण.) मग ‘आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे’ असे सांगून एक क्यूआर कोड पाठविला जातो आणि तो स्कॅन करून पिन टाकावयास सांगितले जाते. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. ‘चुकून जास्त रक्कम पाठवली, उरलेली परत करा’ हीही त्याच जातीची युक्ती. अशा वेळी आलेल्या संदेशावर विसंबू नये, खात्यातील शिल्लक स्वतः पाहावी. जुन्या पुरवठादाराने अचानक ‘खाते बदलले आहे’ असे कळविल्यास आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर त्याच्याशी प्रत्यक्ष बोलल्याखेरीज रक्कम धाडू नये. गल्ल्यावरील क्यूआर कोडवर कोणी दुसरा चिकटवला नाही ना, हे दुकान उघडताना पाहावे. त्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

इतके करूनही पैसे गेलेच, तर संकोचाने एक रात्र दवडणे हा सर्वांत मोठा अपचार. चोरलेली रक्कम थोड्याच वेळात अनेक खात्यांतून फिरते व रोखीने काढली जाते. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळविल्यास रक्कम ज्या बँकेत पोहोचली असेल तेथे ती गोठविण्याचा प्रयत्न होतो. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे व तक्रारीचा क्रमांक घ्यावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा दूरध्वनी क्रमांक कागदावर उतरवून ठेवावा. मोबाइलमधील संभाषण रागाच्या भरात पुसून टाकू नये, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देताना तोच पुरावा लागतो.