सरासरीत हरवलेली गर्दी

रिसर्च प्रपोजल लिहिताना आधी प्रश्न सुचतो, मग आपण डेटा शोधतो. दोघांचं जमतंय का, हे मात्र तपासायचं राहून जातं. सिंगापूरचं एक्स्पो स्टेशन घ्या. चांगी विमानतळाकडे जाणाऱ्या फाट्यावरचं, खांबांवर उभं असलेलं हे मेट्रो स्टेशन १० जानेवारी २००१ रोजी सुरू झालं. (रचना नॉर्मन फॉस्टर यांच्या फर्मची. फोटो जरूर बघा.) शेजारीच सिंगापूर एक्स्पो हे भव्य प्रदर्शन केंद्र. जवळच्या बिझनेस पार्कमुळे ऑफिसची गर्दी रोजचीच, पण मोठं प्रदर्शन असलं की तिच्यावर आणखी एक लाट येते.

समजा तुमचा प्रश्न असा: कार्यक्रम सुटल्यावर या प्लॅटफॉर्मवर किती ताण येतो? तिथली लँड ट्रान्सपोर्ट ऑथॉरिटी 'डेटामॉल'वर स्टेशननिहाय, तासवार आकडे फुकट देते. किती जणांनी कार्ड टेकवून प्रवेश केला, किती बाहेर पडले. झालं की काम! थांबा. हे आकडे महिन्याच्या बेरजेचे आहेत, आणि दिवसांचे प्रकार दोनच: कामाचे दिवस आणि शनिवार-रविवार-सुट्ट्या.

एक काल्पनिक हिशोब करू. महिन्यात सुट्टीचे ९ दिवस. त्यातल्या ८ दिवशी संध्याकाळी सहा ते सातमध्ये ९०० जण आत आले, प्रदर्शनाच्या दिवशी ९,०००. बेरीज १६,२००, सरासरी १,८००. इतकी माणसं एकाही दिवशी आली नव्हती! मध्यक काढावा म्हटलं तर तोही निघत नाही, कारण हातात फक्त बेरीज आहे.

अजून एक अडचण आहे. २१ ऑक्टोबर २०१७ पासून खाली भुयारी डाउनटाउन लाइनही इथे आली. कार्ड गेटवर टेकवलं जातं, त्यामुळे माणूस वरच्या प्लॅटफॉर्मवर गेला की खालच्या, हे त्या आकड्यात नाही. शिवाय विमानतळाहून बॅगा घेऊन आधीच गाडीत बसलेले लोक एक्स्पोच्या नोंदीत येतच नाहीत. जागा मात्र तेही अडवतात.

मग करायचं काय? प्लॅटफॉर्मचाच अभ्यास हवा असेल तर परवानगी काढून प्रत्यक्ष मोजणी करा आणि परवानगीला लागणारे महिने वेळापत्रकात धरा. नाहीतर प्रश्न बदला: मोठी प्रदर्शनं असलेल्या आणि नसलेल्या महिन्यांत सुट्टीच्या दिवसांचा तासवार आलेख किती बदलतो? याचं उत्तर हा डेटा देऊ शकतो. फक्त डेटामॉलवर मागचे तीनच महिने मिळतात, तेव्हा फाइली या महिन्यापासूनच उतरवून ठेवायला लागा.