श्लिवोवित्सा : हाताला आलेलं ज्ञान

ज्ञान म्हणजे काय, हा प्रश्न आपण एरवी पुस्तकांच्या अंगाने पाहतो. आज तो एका भट्टीजवळ बसून पाहू या. विषय काहींना चमत्कारिक वाटेल, वाटू द्या.

स्लाव्ह लोकांत आलुबुखारापासून मद्य गाळण्याची जुनी रीत आहे. 'श्लिवा' म्हणजे आलुबुखार, त्यावरून सर्बियात 'श्लिवोवित्सा'. चेक आणि पोलिश लोकांतही नाव थोड्याफार फरकाने तेच. पिकलेली फळं पिंपात काही आठवडे आंबवायची, मग तांब्याच्या भांड्यात मंद आचेवर गाळायची. उत्तम मद्य हवं असेल तर दोनदा. आपल्या गोव्यात काजूची हुर्राक पुन्हा गाळली की फेणी होते, तसंच हे.

यातली खरी मेख दुसऱ्या गाळपात आहे. पहिली धार उग्र वासाची आणि अपायकारक, ती टाकून द्यायची. शेवटची धार कमजोर, ती वेगळी काढायची. मधली ठेवायची, तिला सर्बियन लोक 'काळीज' म्हणतात. पण धार नेमकी कुठे तोडायची? आज मापनयंत्रं आहेत. तरी जुना जाणता माणूस थेंब तळहातावर चोळतो, वास घेतो आणि 'आता' म्हणतो. हे 'आता' त्याला कुठल्या पुस्तकात मिळालं?

गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाने 1949 साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड'मध्ये एक भेद स्पष्ट केला : एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. पोहण्याचे नियम पाठ करून कुणी तरंगत नाही. 2022 साली युनेस्कोने सर्बियाच्या श्लिवोवित्साला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा नोंद झाली ती बाटलीची नव्हे, तर ती करण्याच्या ज्ञानाची आणि तिच्याभोवतीच्या रीतींची. कुलसंताच्या दिवशी, ज्याला 'स्लावा' म्हणतात, घरी आलेल्याला पेला द्यायचा. गेलेल्यांच्या नावाने चार थेंब जमिनीवर सांडायचे.

इथे आपल्याला अडचण येते. आपल्याकडे 'हातभट्टी' म्हटलं की विषारी दारू आणि उद्ध्वस्त संसार डोळ्यांपुढे येतात, आणि ते खोटं नाही. मग तिथे तीच गोष्ट अभिमानाची कशी?

आम्हाला वाटतं, फरक भट्टीत नाही, नात्यात आहे. जो गाळतो तोच पितो, आपल्याच पाहुण्याला देतो, म्हणून पहिली धार टाकताना त्याचा हात कचरत नाही. 2012 साली चेक प्रजासत्ताकात मिथेनॉल मिसळलेल्या दारूने माणसं दगावली आणि सरकारला 20 टक्क्यांहून कडक मद्याची विक्री काही दिवस थांबवावी लागली. ती दारू खोटी लेबलं लावून विकली गेली होती. करणाऱ्याला पिणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं.

पिण्याची भलामण आम्ही करत नाही. व्यसन घरच्या दारूचंही लागतं, त्याला वारशाचं प्रमाणपत्र आडवं येत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की कौशल्य एकटं पुरत नाही. काय टाकून द्यायचं हे कळणं आणि ते खरोखर टाकून देणं, यांच्यामध्ये समोरचा माणूस उभा असावा लागतो. औषध करणारा, पूल बांधणारा, शिकवणारा, सगळ्यांनाच हे लागू आहे. आम्हा मास्तरांना तर जरा जास्तच!

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.