१.४ सेकंदांचं वाद्य

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आलेला कॅसिओचा एसके-१ दिसतो खेळण्यासारखाच: ३२ बारक्या पट्ट्या, एका वेळी फार तर चार सूर आणि अंगातच बसवलेला माइक. त्या माइकसमोर टाळी वाजवा, ताटलीवर चमचा आपटा किंवा कुणाला हाक मारा, तो १.४ सेकंद ऐकून घेतो आणि तोच आवाज सगळ्या पट्ट्यांवर वाजवायला देतो. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेलं फेअरलाइट हेच करत असे, पण त्याची किंमत मोजक्याच स्टुडिओंना आणि कलावंतांना परवडे. आज अशाच जुन्या कीबोर्डांचे आवाज मुद्रित करून घरच्या घरी संगणकावर वाजणारी वाद्यं बनवणारे हौशी लोक अनेक देशांत आहेत. हे बालपणाच्या आठवणींत रमणं आहे, असं कुणी म्हणेल. मला मात्र हे वाद्य घडवण्याचंच काम वाटतं, आणि त्याचा पुरावा कामाच्या तपशिलात सापडतो.

आवाज मुद्रित करणं, कापणं, पट्टीला जोडणं या गोष्टी फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर उरकतात. कस लागतो तो पुढे. एकच सूर सगळीकडे ताणला, तर एक सप्तक वर जाताना त्याचा वेग दुप्पट होतो आणि १.४ सेकंदांचे ०.७ उरतात. पेटीचा सा असा वर नेला, तर भात्याची धापही दुप्पट वेगानं ऐकू येते आणि कान लबाडी ओळखतो. म्हणून मन लावून काम करणारा दर दोन-तीन पट्ट्यांमागे, जमल्यास प्रत्येक पट्टीचं, वेगळं मुद्रण घेतो. तेही एकदा घेऊन भागत नाही. हुबेहूब तोच आवाज लागोपाठ आला की शिवणयंत्राच्या टाक्यांसारखा निर्जीव वाटतो. त्यामुळे प्रत्येक सूर तीनदा वाजवायचा आणि तिन्ही आवाज आळीपाळीनं वापरायचे. ३२ पट्ट्यांची ९६ मुद्रणं होतात ती अशी. सूर लांबवायचा असेल, तर लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्याचा, सांधा बसवावा लागतो: ध्वनिलहर शून्य रेषा ओलांडते तिथे, तीही दोन्ही टोकांना एकाच दिशेनं. जरा चुकलं की प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ ऐकू येतं. तो सांधा कानानंच जुळवायचा असतो, आणि असे कान तयार व्हायला वेळ लागतो.

मुळात आवाजच हिणकस, मग त्यावर एवढी मेहनत कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. सीडीसाठी सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतात, एसके-१ जेमतेम ९,४०० घेतो. म्हणजे या आकड्याच्या निम्म्या, सुमारे ४,७०० हर्ट्झच्या वरचं त्याला पकडताच येत नाही. ‘स’ची बरीचशी धार त्याच्या वरच असते, म्हणून त्यात बोललेला ‘स’ बोथट होतो. पण ही उणीव सगळ्या पट्ट्यांवर उतरते, आणि तोच त्या आवाजाचा पोत ठरतो. १९६३ साली इंग्लंडमध्ये आलेल्या मेलोट्रॉन या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली सुमारे आठ सेकंदांची टेप होती. ती संपली की सूरही संपे. तरी १९६७ च्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या गाण्याच्या सुरुवातीच्या मेलोट्रॉनवरच्या बासऱ्यांना आज कुणी खऱ्या बासरीची स्वस्त नक्कल म्हणत नाही.

तयार आवाजांचे संच फुकट मिळतात, हेही खरं. पण कुठली खरखर ठेवायची, पट्टी सोडतानाचा खट्ट आवाज घ्यायचा की नाही, हे त्यांत दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. वाद्याचा स्वभाव ज्या निर्णयांतून घडतो, ते घरी केलेल्या कामात आपले असतात. मालकीचा प्रश्न उरतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही: कंपनीनं कीबोर्डात भरून दिलेले आवाज परवानगीवाचून विकायला काढू नयेत. आपल्या ताटलीच्या, पेटीच्या, घरातल्या माणसांच्या आवाजाला अशी अडचण नाही.

माळ्यावर जुना कीबोर्ड पडला असेल, तर तो भंगारात देण्याआधी नवे सेल घाला, पंखा बंद करा आणि एकेक पट्टी मुद्रित करून ठेवा. बिघडलेली पट्टीही वगळू नका.