आधी चिप, मग लस, मगच विमान!

परदेशात शिकायला जायचं ठरलं की आपली यादी सुरू होते. पासपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट, एज्युकेशन लोन, थंडीचं जॅकेट... पण घरातला मोत्या किंवा मनीसुद्धा सोबत न्यायची असेल तर? बार्शीटाकळीत कोणाला हे सांगून बघा. "कुत्र्याले कायचा पासपोर्ट?" असंच उत्तर येईल. पासपोर्ट नाही, पण हेल्थ सर्टिफिकेट लागतंच. आणि त्याची तयारी तुमच्या ॲडमिट लेटरच्याही आधी सुरू करावी लागते.

समजा, तुम्हाला १ ऑक्टोबरला जर्मनीत पोहोचायचंय. आता उलटं मोजा. भारत युरोपियन युनियनच्या रेबीजसाठीच्या मान्य यादीत नाही. म्हणून कुत्र्या-मांजराच्या रक्ताची टायटर टेस्ट लागते. लसीमुळे शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार झाली का, हे त्यात कळतं. नमुना घेतल्यापासून ३ महिने थांबावं लागतं, म्हणजे नमुना जूनअखेर द्यायला हवा. तोही रेबीजच्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी. म्हणजे लस मे महिन्यातच! आणि लसीच्या आधी १५ अंकी मायक्रोचिप बसवलेली हवी. चिपच्या आधी घेतलेली लस धरतच नाहीत, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

गोची इथेच आहे. तुमचं लेटर येणार जून-जुलैत, आणि मोत्याचं घड्याळ मे महिन्यातच सुरू झालेलं हवं. मग ॲडमिशन पक्की नसताना खर्च करायचा का? दिलासा असा, की युरोपसाठी एकदा पास झालेली टायटर टेस्ट वाया जात नाही. फक्त पुढचे बूस्टर वेळेत द्यायचे. तारीख हुकली, की टेस्टही पुन्हा.

शेवटचं सर्टिफिकेट गावातल्या डॉक्टरांच्या सहीवर भागत नाही. ते केंद्र सरकारची ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेस, म्हणजे एक्यूसीएस, देते. अकोल्यात तिचं कार्यालय नाही, मुंबईत आहे. युरोपसाठी हे सर्टिफिकेट दिल्यापासून १० दिवसांच्या आत तिथे पोहोचावं लागतं. त्यामुळे विमानाचं तिकीट, एक्यूसीएसची तारीख आणि अकोला-मुंबई रेल्वे, तिन्ही जुळवा. रेल्वेत कुत्रा सोबत बसवायचा तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर तो ब्रेक व्हॅनमधून जातो.

देश बदलला की नियमही बदलतात. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा-मांजर घेतच नाही. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रा किमान ६ महिन्यांचा आणि चिप बसवलेला लागतो. शिवाय तिथल्या रेबीजच्या 'हाय रिस्क' यादीत भारत असल्यामुळे आपल्याला जास्तीचे कागद जोडावे लागतात.

एवढी कटकट कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के एकट्या भारतात होतात. त्यामुळे समोरचा देश फक्त 'आमचा मोत्या चावत नाही' एवढ्यावर विश्वास ठेवत नाही. भारतात प्राणी आणायलाही नियम आहेतच. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतणाऱ्या विद्यार्थ्यांना आपले कुत्रे-मांजरी आणता यावेत, म्हणून सरकारला ते खास एकदा शिथिल करावे लागले होते. युद्ध होतं म्हणून ती सूट मिळाली. तुमच्या सेमिस्टरसाठी मिळणार नाही.

मग आज काय कराल? घरातलं लसीचं कार्ड शोधा. त्यावर तारीख, लसीचा बॅच नंबर आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाची सही आहे का बघा. चिप कुठे बसवून मिळेल, हे अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत विचारून घ्या. आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा. मोत्या म्हातारा असेल, तर एवढा प्रवास त्याला झेपेल का? घरीच आई-बाबांजवळ तो जास्त सुखात राहणार असेल, तर तोही निर्णय प्रेमाचाच आहे. पण लसीचं कार्ड तेव्हाही अपडेटच हवं. कारण रेबीज काही व्हिसा बघून येत नाही.