घाणेवाडी : जालन्याचे घरचे पाणी

जालना शहराच्या उत्तरेला, कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा तलाव आहे. निजामी राजवटीत तो शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला गेला. बेझनजी जालनावाला या पारशी गृहस्थांचे नाव जालनेकर आजही या तलावाबरोबर घेतात. तलाव उंचावर आणि शहर उताराला, म्हणून इथले पाणी स्वतःच्या ओढीने शहरात येते. पंप नाही, विजेचे बिल नाही. शहराच्या नवीन जालना भागातल्या कित्येक पिढ्या या पाण्यावर वाढल्या.

पाणी साठवून उताराने घरापर्यंत आणण्याची ही रीत जालन्याला नवी नव्हती. फार पूर्वी जमशेद खानाने मोती तलाव बांधला, जमिनीखालून नळ घातले आणि शहरात ठिकठिकाणी हौद केले. भरभराटीच्या काळात शहराला पाच तलाव होते, अशी नोंद आहे. हा प्रदेशच तशी शिस्त लावणारा आहे. वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत आणि मोठ्या खंडांनी. खाली बेसाल्टचा काळा कातळ. त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी मुरते, बाकीचे वाहून जाते. त्यामुळे एका गल्लीत एका बोअरला पाणी लागते आणि शेजारची कोरडी जाते. पावसाळ्यात जो पाणी अडवेल, त्यालाच उन्हाळ्यात मिळेल.

पुढे शहर वाढले. बियाणे आणि लोखंडी सळया यांनी जालन्याचे नाव देशभर नेले. १९८१ मध्ये जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८५,५७७ भरली आणि २०२३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. एवढ्या वस्तीला एकटे घाणेवाडी पुरणे शक्यच नव्हते. आधी गोदावरीकाठच्या शहागडहून पाणी आणले गेले, नंतर पैठणच्या जायकवाडीहून. त्या नळाने फार मोठी सोय झाली, पण ते पाणी आपल्या पायांनी येत नाही. नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, पातळी जालन्याहून खाली आहे, म्हणून प्रत्येक लिटर पंपाने वर चढवावा लागतो. वीज गेली, नळ कुठे फुटला, की शहराचे पाणी थांबते. शिवाय नाथसागर भरणार की नाही, हे नाशिक-नगरच्या पावसावर आणि तिथल्या धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर ठरते.

या व्यवस्थेचा भार शेवटी घरावर येतो. जालन्यात ‘आज नळ येणार का?’ हा रोजच्या व्यवहारातला प्रश्न आहे. नळ आला की हातातले काम टाकून पाणी भरायचे. आधी पिण्याचे, मग हौद, मग ड्रम, शेवटी बादल्या आणि हंडे. शहरी नळयोजनेसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने रोज ६७५ लिटर लागतात. नळ आठ दिवसांनी आला, तर घरात ५,४०० लिटर साठवायची सोय हवी. ज्याच्या अंगणात हौद आणि गच्चीवर टाकी आहे, त्याचे निभते. दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाकडे दोनशे लिटरचे दोन ड्रम असतात. नळ दोघांनाही एकाच दिवशी येतो, पण पाणी सारखे मिळत नाही. उरलेली गरज टँकर आणि जार विकत घेऊन भागवावी लागते. जास्त पैसे तोच मोजतो, ज्याच्याकडे ते कमी आहेत. आणि नळाची वाट पाहण्यात दिवस जातो तो बहुतेक घरांत बाईचा.

२०१२-१३ च्या दुष्काळाने हे सगळे उघडे केले. जायकवाडी धरण मृतसाठ्यावर गेले, घाणेवाडीचा तलाव आटला आणि शहर टँकरवर आले. त्या काळात घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने नागरिक आणि उद्योजक एकत्र आले आणि कोरड्या तलावातला गाळ काढला गेला. तो गाळ शेतकऱ्यांनी आपल्या मुरमाड रानांत नेऊन टाकला. एक घनमीटर गाळ निघाला की हजार लिटर पाण्याला जागा होते, म्हणजे पाच माणसांच्या घराचे जवळजवळ दीड दिवसाचे पाणी. हा हिशेब समजला की गाळ काढणे हे घरात पाणी भरण्याइतकेच आपले काम वाटू लागते.

जायकवाडीचा नळ हवाच. पण लांबचे पाणी आले म्हणून जवळचे सोडून देणे जालन्याला परवडणार नाही. तलावाच्या पाणलोटातले ओढे-नाले मोकळे राहिले पाहिजेत, गाळ दुष्काळाची वाट न पाहता निघाला पाहिजे, शहरातल्या गळत्या बुजल्या पाहिजेत आणि नळाचा दिवस ठरलेला असला पाहिजे. ड्रमवर संसार चालवणाऱ्या घराला सर्वांत आधी हा ठरलेला दिवस हवा आहे. तो देता येतो की नाही, यावरच या शहराच्या पाणीपुरवठ्याची परीक्षा व्हावी.